दोन लाख अडतीस हजार

गेल्या सप्टेंबरात पुण्यातल्या एका इस्पितळात, डेंग्यूच्या वॉर्डाबाहेर बसलो होतो. आत भाची होती. बाहेर सगळे एकमेकांना नुसते आकडे सांगत होते. "सकाळी बावीस, आता चौदा." हजार हा शब्द कुणी उच्चारतही नव्हतं. तेवढ्यात एक मुलगा प्लेटलेट्स देऊन आला, कोपरावर पट्टी. त्याच्या आईने विचारलं, "अरे, आता तुझ्या किती उरल्या?" त्याला सांगता आलं नाही, मलाही नाही. तो प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून पुढच्या महिन्यात मीच रक्तपेढीत गेलो.

वजन, हिमोग्लोबिन, तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतली होती का, हे सगळं पटापट झालं. माझा काउंट, म्हणजे एका मायक्रोलिटर रक्तातल्या प्लेटलेट्सचा आकडा, टेक्निशियन ताईंनी मोठ्याने वाचला: २,३८,०००. दीड लाखाच्या खाली असता तर परत पाठवलं असतं, म्हणाल्या.

रक्त नळीतून यंत्रात जातं, गरगर फिरतं, त्यातला पिवळसर थर पिशवीत उतरतो आणि लाल रक्त त्याच हातात परत येतं. हे चक्र तासभराहून जास्त चाललं. रक्त गोठू नये म्हणून नळीत जे सायट्रेट मिसळतात, ते परतीच्या रक्ताबरोबर अंगात येऊन कॅल्शियमला धरून ठेवतं. ताई पडद्यापेक्षा माझ्या तोंडाकडेच जास्त बघत होत्या. दर थोड्या वेळाने एकच शब्द: "ओठ?" तिसऱ्या वेळी खरंच मुंग्या आल्या. त्यांनी वेग कमी केला आणि कॅल्शियमची गोळी चघळायला दिली.

शेवटी पिशवी उजेडाकडे धरून त्यांनी ती हलकेच हलवली. आत रेशमासारखी चमक वळणं घेत फिरली. प्लेटलेट्स ताटलीसारख्या चपट्या, धडधाकट असल्या तरच अशी चमक दिसते. ही पिशवी आता २२ अंशांच्या आसपास सतत हलत राहणार, जास्तीत जास्त पाच दिवस.

अशा एका पिशवीत किमान ३० हजार कोटी प्लेटलेट्स असाव्या लागतात. अंगात पाच लिटर रक्त धरलं, तर काउंट ६० हजारांनी उतरायला हवा. माझा २,३८,००० वरून १,८६,००० वर आला, म्हणजे ५२ हजारांनीच. उरलेल्यांची भर बहुधा प्लीहेने घातली. शरीरातल्या जवळपास एकतृतीयांश प्लेटलेट्स तिथे मुक्कामाला असतात, आणि रक्तात तूट पडली की त्यातल्या काही बाहेर येतात. पुढचं काम थ्रॉम्बोपोएटिनचं. हे संप्रेरक यकृतात तयार होतं आणि एरवी प्लेटलेट्सच ते शोषून घेतात. त्या कमी झाल्या की ते शिल्लक राहतं आणि अस्थिमज्जेला जास्त प्लेटलेट्स करायला लावतं. तशीही एक प्लेटलेट आठ-दहा दिवसच जगते, त्यामुळे मज्जेला ही रोजचीच सवय. पाचव्या दिवशी माझा काउंट २,४१,००० होता.

त्या आईला हे सांगायला हवं होतं.

मात्र वारंवार देणाऱ्यांची मला काळजी वाटते. नियमाने दोन वेळांमध्ये ४८ तास पुरतात, आठवड्यात दोनदा आणि वर्षात २४ वेळा देता येतं. पण काही प्रकारच्या यंत्रांवर वर्षानुवर्षं देणाऱ्यांच्या लिम्फोसाइट, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशी, कमी झालेल्या आढळल्या आहेत. त्याने आजार वाढतात असं सिद्ध झालेलं नाही. तरी दात्याचे जुने आकडे कुणीतरी पाहायलाच हवेत. मी निघताना ताई फोनवर होत्या. समोर एका दात्याची फाइल उघडी होती, बोट काउंटच्या रकान्यावरून खाली सरकत होतं. "नाही, त्यांना या महिन्यात बोलवायचं नाही," त्या म्हणाल्या. "दुसरं कोण आहे, बघते."