भोरड्यांचा सेंड-ऑफ

वसंत म्हटलं की आपल्याला सगळं 'येणारं'च आठवतं. पालवी येते, मोहोर येतो, हापूसची पहिली पेटी येते (आणि तिचा भाव ऐकून घामही येतो!). पण पक्षी बघायचा नाद लागला की लक्षात येतं, आपल्याकडचा वसंत हा खरं तर निघायचा सीझन. थंडीत उत्तरेकडून आलेले पाहुणे या दिवसांत बॅगा भरत असतात. त्यांचा सेंड-ऑफ बघायचा म्हणून होळीच्या आधीच्या शनिवारी मी महाड गाठलं.

"महाड? रायगड चढणारेस का?" मैत्रिणीचा पहिला प्रश्न. तिचं तरी काय चुकलं? महाड म्हणजे रायगड, चवदार तळं, नाहीतर गोव्याला जाताना चहाचा ब्रेक. पक्षीवाल्यांना मात्र हे नाव वेगळ्या कारणाने माहीत असतं. म्हसळा तालुक्यातल्या चिरगावात गिधाडं टिकावीत म्हणून धडपडणारी 'सिस्केप' ही संस्था महाडचीच. तिकीट काढून आत शिरायचं अभयारण्य हवं असेल, तर जिल्ह्यात कर्नाळा आहे, फणसाड आहे. इथे महाड-पोलादपूरला फक्त सावित्री नदी आणि तिच्या दोन्ही अंगांचे डोंगर. मला तेवढं पुरेसं होतं.

सकाळी सातला नदीकाठ. पाण्यालगतच्या दगडांवर शेपटी खालीवर नाचवणारे धोबी, चिखलात टुकटुक चालणारी एक तुतारी. पलीकडच्या वाळूवर ओंडका दिसला, त्याने तोंड उघडलं! सावित्रीतल्या मगरींबद्दल वाचलं होतं, तरी मी दोन पावलं मागे सरकलेच. नदीत पाय घालून फोटो काढायचा प्लॅन तिथेच रद्द.

खरी मजा पोलादपूरच्या बाजूला होती. रस्ता सोडून एका गावाकडे वळलो, तर बांधावर एक काटेसावर. अंगावर एक पान नाही, नुसती लालभडक, वाटीएवढी फुलं. आणि कलकलाट असा, की शाळा सुटली असावी. दुर्बिणीतून बघितलं तर भोरड्या! शंभर तरी असतील. काळं डोकं, काळे पंख, मधलं अंग गुलाबी, डोक्यावर तुरा. एकेक जण फुलात मान खुपसून मध पितोय, बाहेर येतोय तो तोंडाला पराग माखून. मधेच शेजाऱ्याशी भांडतोय, पुन्हा पितोय.

मराठीत यांना पळसमैना असंही छान नाव आहे. पळस, पांगारा, सावर फुलले की ही गँग तिथे हजर. मराठवाड्यातल्या शेतकऱ्यासमोर मात्र यांचं कौतुक करू नका. ज्वारीवर टोळधाडीसारख्या उतरतात, माचाणावर गोफण घेऊन उभं राहावं लागतं. गंमत म्हणजे तिकडे मध्य आशियात, कझाकस्तानच्या गवताळ माळांवर, याच भोरड्या खरीखुरी टोळधाड फस्त करतात. चीनमध्ये शिंच्यांगला तर त्यांनी यावं म्हणून दगडांची घरटी रचून देतात. दगडांच्या खबदाडीत हजारोंनी वीण करायची आणि जुलै-ऑगस्टपासून पुन्हा आपल्याकडे. येतात लवकर, जातात एप्रिलपर्यंत.

हिवाळ्यात मळकट दिसणारी भोरडी वसंतात एवढी गुलाबी कशी होते? मला वाटायचं नवी पिसं येत असतील. तसं नाही. पिसांच्या मळकट कडा झिजून जातात आणि खालचा रंग उघडा पडतो. नवे कपडे नाहीत, जुनेच झिजून चकाचक! (आमच्या जीन्सचं असं का होत नाही?)

तर, तीनेक हजार किलोमीटरच्या प्रवासाआधी पोट भरायला सावरीचा मध. बदल्यात परागांची ने-आण. फुलं आणि पक्ष्यांच्या या देवघेवीवर सलीम अलींनी १९३२ मध्येच सविस्तर लिहिलं होतं. त्यांनी सुगरणीचा प्रसिद्ध अभ्यास केला तोही आपल्या रायगड जिल्ह्यात, किहीमला.

मी वहीत लिहीत होते, तेवढ्यात मागून ढोल वाजला. वीस-पंचवीस माणसं एक लांबलचक खोड खांद्यावर घेऊन येत होती. शेंड्याला अजून चार-पाच लाल फुलं.

सावर. होळीसाठी.

मला धस्सच झालं. घोळक्यातले एक काका दम खायला थांबले. मी विचारलं, "काका, सावरच का?"

"मान तिचा. आजा-पणज्यापासून."

"पण पाखरं बसतात ना तिच्यावर..."

"बसतात की. ताई, आम्ही वर्साला एक तोडतो. बुंधा राखतो, पावसात फुटतो परत. तो हायवे रुंद केला तेव्हा किती गेली, मोजली होतीत?"

मोजली नव्हती. त्याच चौपदरी रस्त्यावरून 'काय मस्त झालाय' म्हणत मी सकाळी आले होते. तरी हट्टाने विचारलं, फुटवा आला तरी फूल धरायला किती वर्षं?

"आठ-धा तर जातातच," काका म्हणाले. ते जरा गप्प झाले. आधी गावाच्या वेशीत सावरी मिळायच्या, या वर्षी ओढ्यापलीकडून आणावी लागली, हे त्यांनीच सांगितलं.

"आणि ही?" मी भोरड्यांनी भरलेल्या झाडाकडे बोट केलं.

"ही नाय. वाकडी हाय. होळीला सरळसोट लागते."

ते पुन्हा खांदा द्यायला धावले. ढोलाने भोरड्या एकदम उठल्या, आभाळात एक मोठं वळण घेतलं आणि वाकडीवर परत येऊन बसल्या.

जाणार असाल तर फेब्रुवारी ते मार्चचा पहिला पंधरवडा बरा. रेल्वेने वीर स्टेशन, पुढे एसटी किंवा रिक्षा. सकाळी सात ते नऊ झाडाजवळ असा, नंतर ऊन तापतं. ८ बाय ४२ची दुर्बीण भरपूर झाली. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज लावू नका. आणि ओढ्यापलीकडच्या त्या बुंध्याला फुटवा आला का, हे बघायला मी ऑगस्टमध्ये जाणार आहे. गाडीत दोन जागा आहेत.