मणिकर्णचे मणी कधी थांबले?

हिमाचल प्रदेशातील कुलू जिल्ह्यात भुंतर येथे पार्वती नदी बियासला मिळते. तिथून पार्वतीच्या काठाने सुमारे ३५ किलोमीटर वर गेले की मणिकर्ण लागते. नदीचे पाणी बर्फाचे. हात घातला तर बोटे बधिर होतात. तिच्या काठालाच खडकाच्या फटींतून वाफाळलेले पाणी उसळत असते. गाव साधारण १,७५० मीटर उंचीवर आहे. या उंचीवर पाणी ९४ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते, आणि इथल्या काही कुंडांतील पाणी जवळजवळ तेवढेच तापलेले असते. पहिल्या भेटीत मीही इतरांसारखी तांदळाची पुरचुंडी दोरीने कुंडात सोडली होती. वीसेक मिनिटांत भात झाला. शेजारच्या गुरुद्वाराच्या लंगरची मोठी पातेलीही याच पाण्यात शिजतात.

गावाच्या नावामागची कथा प्रसिद्ध आहे. पार्वतीच्या कानातला मणी पाण्यात पडला आणि शेषाने तो पाताळात नेला. शंकर कोपले, तेव्हा शेषाने फूत्कार टाकला आणि उकळत्या पाण्याबरोबर असंख्य मणी वर आले. इथपर्यंत ही कथा इतर क्षेत्रकथांसारखीच आहे. मी थबकलो तो तिच्या शेपटापाशी. लोक सांगतात की, मणी पुढेही पाण्यातून वर येत असत. १९०५च्या भूकंपानंतर ते थांबले.

पुराणकथेला इसवी सन कशाला हवा?

४ एप्रिल १९०५ रोजी कांगड्याचा भूकंप झाला. वीस हजारांवर माणसे दगावली. कुलूलाही त्याचा तडाखा बसला. मणिकर्णचे शिवमंदिर तेव्हापासून कलले आहे, असे गावात सांगतात. मणी खरोखर उडत होते का, हा माझा प्रश्न नाही. भूकंपानंतर पाण्याचे वागणे बदलले, एवढी गोष्ट गावाने कथेत घालून जपली असावी, असा माझा कयास आहे. हा कयास उभा राहतो तो या झऱ्याच्या घडणीवर.

मणिकर्णला ज्वालामुखी नाही. डोंगरावर पडणारे पाऊस-बर्फाचे पाणी क्वार्टझाइट या कठीण खडकाच्या भेगांतून खोल उतरते. पृथ्वीच्या पोटात जसजसे खाली जावे तसतशी उष्णता वाढते, आणि हिमालयाच्या अशा पट्ट्यांत ती नेहमीपेक्षा लवकर वाढते. तापलेले पाणी हलके होऊन दुसऱ्या भेगांतून झपाट्याने वर येते. वाटेत थंड भूजल मिसळले की ते कोमट होते. म्हणून एकाच गावातल्या दोन कुंडांचे तापमान सारखे नसते. सारा कारभार भेगांवर चाललेला. वर येताना पाण्यातले क्षार साचून भेगा अरुंद होतात. भूकंपात काही बुजतात, काही नव्याने उघडतात. कारंजे खाली बसायला एवढे पुरेसे आहे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने १९७०च्या दशकात या खोऱ्यात शोधकाम केले. पुढे या उष्णतेवर ५ किलोवॅटचे छोटे प्रायोगिक वीजयंत्रही चालवून पाहण्यात आले. म्हणजे सविस्तर मोजमापांचा इतिहास जेमतेम पन्नास वर्षांचा; त्यामागचे बरेचसे लोकांच्या बोलण्यात. ते बोलणे भाबडे म्हणून सोडून दिले, तर पाणी पूर्वी कसे वागत होते याचा एक साक्षीदार आपण गमावतो.

आपल्याला हे परके नाही. सह्याद्रीच्या पश्चिमेला पालघरपासून राजापूरपर्यंत गरम झऱ्यांची रांगच आहे. उन्हवऱ्याचे पाणी सत्तर अंशांच्या घरात जाते. उन्हवरे, उन्हेरे, उन्हाळे या गावांनी तर ऊन पाणी नावातच बांधून ठेवले आहे. राजापूरच्या उन्हाळ्याजवळ अधूनमधून प्रकटणारी गंगा आहे. ती कधी आली, किती दिवस राहिली, हे तिथली म्हातारी माणसे बोटांवर मोजून सांगतात. भूजलाच्या अभ्यासकाला त्याहून मोलाचे काय हवे?

मात्र ते बहुधा कागदावर येत नाही. कुंडांना फरशा बसतात, बाजूला बोअर पडतात, खोल्या उठतात. पाणी कमी झाले तर देवाचा कोप म्हणतात किंवा उन्हाळ्याला दोष देतात, आणि बोअर कोणत्या वर्षी पडली ते कोणाला आठवत नाही. मणिकर्णच्या लोकांनी निदान एक साल लक्षात ठेवले.

म्हणून गरम झऱ्यावर जाल तेव्हा पाण्याने कोणते रोग बरे होतात, एवढेच विचारू नका. तिथल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा. पाणी कधी आटले, कधी गढूळ झाले, कधी थंडावले, ते विचारा. उत्तरात शेषनाग आला तरी टोकू नका. फक्त साल विचारा आणि लिहून ठेवा.