मुक्त व्यावसायिकांसाठी मुक्त-स्रोत प्रकल्प व्यवस्थापन साधने

मुक्त-स्रोत प्रकल्प व्यवस्थापन साधने म्हणजे कामाची विभागणी, मुदती, लागलेले तास आणि त्यांवरून होणारी देयके यांची नोंद ठेवणारी अशी सॉफ्टवेअरे, ज्यांचा सोर्स कोड कोणालाही पाहता, वापरता, बदलता आणि पुढे वाटता येतो. मोठ्या संस्थांमध्ये ही साधने मुख्यतः अनेक माणसांच्या कामाचा मेळ घालण्यासाठी वापरली जातात. भाषांतरकार, बोधचित्रकार, संकेतस्थळ रचनाकार, चित्रफीत संपादक असे एकट्याने काम करणारे मुक्त व्यावसायिक, म्हणजे फ्रीलान्सर, त्यांचा उपयोग वेगळ्या कारणाने करतात. त्यांच्याकडे हजेरीपट ठेवणारा कारकून नसतो आणि पगारपत्रक काढणारा लेखा विभागही नसतो. केलेल्या कामाचा पुरावा त्यांना स्वतःच तयार करावा लागतो आणि स्वतःच जपावा लागतो. या प्रकारातील सर्वाधिक परिचित भारतीय सॉफ्टवेअर, ईआरपीनेक्स्ट, मुंबईत तयार झाले आहे.

मोफत आणि मुक्त

इंग्रजीतील 'फ्री' या शब्दात विनामूल्य आणि स्वतंत्र असे दोन अर्थ एकत्र आल्यामुळे या विषयात बराच गोंधळ झाला आहे. मराठीत 'मोफत' आणि 'मुक्त' हे शब्द निराळे असल्याने तो टाळता येतो. एखादी सेवा मोफत असली तरी मुक्त असेलच असे नाही.

वंडरलिस्ट हे कामांची यादी ठेवणारे लोकप्रिय उपयोजन मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतले आणि मे २०२० मध्ये बंद केले. ट्रेलो ही फलक-पद्धतीची सेवा जानेवारी २०१७ मध्ये अ‍ॅटलासियन या कंपनीने घेतली. २०१९ मध्ये मोफत गटांसाठी खुल्या फलकांची संख्या दहावर मर्यादित करण्यात आली आणि २०२४ मध्ये सहभागी व्यक्तींच्या संख्येवरही दहाची मर्यादा आली. या बदलांत बेकायदेशीर असे काही नव्हते. नोंदी ज्या यंत्रणेवर होत्या ती यंत्रणा वापरकर्त्याची नव्हती, एवढेच.

मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पापासून सुरू झाली असे मानले जाते. जीपीएल हा तिचा प्रमुख परवाना १९८९ मध्ये आला. त्याची तिसरी आवृत्ती २००७ मध्ये निघाली. त्याच वर्षी आलेला एजीपीएल हा परवाना प्रकल्प व्यवस्थापनाच्या साधनांसाठी विशेष महत्त्वाचा आहे, कारण आंतरजालावरून सेवा म्हणून दिल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये केलेले बदलही वापरकर्त्यांना उपलब्ध करून देण्याचे बंधन तो घालतो. एमआयटी परवान्यात असे बंधन नसते. सोर्स कोड नुसता दिसतो म्हणून सॉफ्टवेअर मुक्त-स्रोत ठरत नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते. देयके बनवण्यासाठी फ्रीलान्सरांमध्ये प्रिय असलेले इन्व्हॉइस निंजा याचा कोड सर्वांना पाहता येतो, मात्र त्याची सध्याची आवृत्ती इलॅस्टिक परवान्याखाली असून तो परवाना मुक्त-स्रोत म्हणून मान्य झालेला नाही.

गिरणगावाचा संदर्भ

कामाची नोंद कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न मध्य मुंबईला नवा नाही. भायखळा, लालबाग आणि परळ या गिरणगावाच्या पट्ट्यात बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या दारात हजर राहत. कायम कामगार गैरहजर असेल तरच त्यांना त्या दिवसाचे काम व मजुरी मिळे. किती दिवस भरले याचे मस्टर गिरणीच्या कचेरीत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतरच्या काळात गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. भायखळ्याची खटाव गिरणीही त्यांतच मोडते. लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारांत पुढे जाहिरातसंस्था, वाहिन्यांची कार्यालये आणि स्टुडिओ आले. या उद्योगांतील बरेचसे काम कायम नोकरांऐवजी कामापुरते बोलावलेल्या व्यावसायिकांकडून करून घेतले जाते. बदली कामगार आणि आजचा फ्रीलान्सर यांची तुलना फार ताणता येणार नाही. पण एक फरक लक्षणीय आहे, तो म्हणजे फ्रीलान्सरला आपले मस्टर स्वतःकडे ठेवता येते.

तांत्रिक शिक्षणाच्या अंगानेही भायखळ्याचा येथे उल्लेख करावा लागतो. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची व्हीजेटीआय, १८८७ मध्ये भायखळ्यातच सुरू झाली आणि १९२३ मध्ये माटुंग्यास गेली. गिरण्यांना लागणारे तंत्रज्ञ घडवणाऱ्या या संस्थेत आज संगणक अभियांत्रिकीही शिकवली जाते.

साधनांमागील पद्धती

बहुतेक साधने दोन जुन्या औद्योगिक पद्धतींवर उभी आहेत. पहिली गँट आलेखाची. अमेरिकी अभियंता हेन्री गँट यांनी १९१० च्या दशकात रूढ केलेल्या या आलेखात प्रत्येक काम कालरेषेवर आडव्या पट्टीने दाखवतात. दुसरी पद्धत कानबान फलकाची. जपानमधील टोयोटाच्या कारखान्यात तायइची ओनो यांनी विकसित केलेल्या चिठ्ठी-पद्धतीवरून ती सॉफ्टवेअर क्षेत्रात आली. 'करायचे', 'चालू' आणि 'झाले' अशा रकान्यांतून कामाची चिठ्ठी सरकत जाते, आणि 'चालू' रकान्यात एका वेळी किती चिठ्ठ्या असाव्यात यावर मर्यादा घातली जाते. अनेक ग्राहकांची कामे एकाच वेळी अंगावर घेण्याची सवय असलेल्या व्यावसायिकाला ही मर्यादाच अधिक उपयोगी पडते. गँट आलेख एकट्या माणसाच्या कामात क्वचितच लागतो. ज्याच्या कामाची पुढची पायरी ग्राहकाच्या मंजुरीवर अडते, त्याला मात्र तो उशीर कोणाकडून झाला हे दाखवायला बरा.

ईआरपीनेक्स्ट

ईआरपीनेक्स्ट हे ऋषभ मेहता यांनी सुरू केलेले सॉफ्टवेअर आहे. औद्योगिक अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या मेहता यांनी कुटुंबाच्या फर्निचर व्यवसायाची गरज म्हणून या कामाला हात घातला आणि प्रोग्रॅमिंग ते स्वतःच शिकले. २००८ मध्ये मुंबईत स्थापन झालेली त्यांची कंपनी आधी वेब नोट्स टेक्नॉलॉजीज आणि नंतर फ्रॅपे टेक्नॉलॉजीज या नावाने ओळखली गेली. ईआरपीनेक्स्ट जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली, तर ते ज्यावर उभे आहे ती फ्रॅपे फ्रेमवर्क ही चौकट एमआयटी परवान्याखाली उपलब्ध आहे. पायथन व जावास्क्रिप्ट या भाषा आणि मारियाडीबी हा विदासंच त्यासाठी वापरला जातो. झिरोधा या दलाली पेढीच्या रेनमॅटर या शाखेने २०२० मध्ये कंपनीत गुंतवणूक केली. ईआरपीनेक्स्टच्या नावाने चालणाऱ्या प्रतिष्ठानाचे त्याच वर्षी फॉस युनायटेड या संस्थेत रूपांतर झाले.

नावाप्रमाणे हे साऱ्या उद्योगाचे व्यवहार सांभाळणारे सॉफ्टवेअर असले तरी त्यातील प्रकल्प विभाग स्वतंत्रपणे वापरता येतो. प्रकल्पाखाली कामे, कामांचे परस्परावलंबन, गँट आणि कानबान दृश्ये अशी रचना त्यात आहे. फ्रीलान्सरच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट टाइमशीट ही होय. कोणत्या कामाला किती तास दिले आणि त्यांपैकी किती तास आकारणीयोग्य होते याची नोंद केली की त्याच नोंदीवरून ग्राहकाचे देयक तयार होते. देयकातील प्रत्येक तास त्यामुळे एका विशिष्ट दिवसाच्या विशिष्ट कामापर्यंत मागे नेता येतो. वस्तू व सेवा कराशी संबंधित भारतीय तरतुदी चौदाव्या आवृत्तीपासून 'इंडिया कंप्लायन्स' या वेगळ्या मुक्त-स्रोत जोडणीत ठेवल्या आहेत. सेवा पुरवणाऱ्यास साधारणपणे वार्षिक २० लाख रुपयांच्या उलाढालीनंतर या कराची नोंदणी लागते, त्यामुळे अनेक फ्रीलान्सरांना सुरुवातीस त्या जोडणीची गरज भासत नाही.

एका माणसासाठी ईआरपीनेक्स्ट अवजड आहे, हे नाकारता येत नाही. गोदाम, उत्पादन, कर्मचारी हे सर्व विभाग त्यात असतात आणि ते सर्व्हरवर बसवणे हे अननुभवी माणसाचे काम नव्हे. याच कंपनीकडून आलेले फ्रॅपे बुक्स त्या मानाने सुटसुटीत आहे. ते थेट संगणकावर, आंतरजालाशिवाय चालते. सर्व हिशेब एका फाइलीत राहतो आणि परवाना एजीपीएलचा आहे. मात्र ते हिशेबाचे साधन आहे. प्रकल्पाची आखणी त्यात नाही.

इतर साधने

रेडमाइन हे ज्याँ-फिलिप लँग यांनी २००६ मध्ये आणलेले सॉफ्टवेअर या क्षेत्रातील जुन्यांपैकी एक आहे. २०११ मध्ये त्यातून चिलीप्रोजेक्ट ही शाखा फुटली आणि पुढे तिच्यापासून जर्मनीतील ओपनप्रोजेक्ट तयार झाले. मुक्त परवान्याचा व्यवहारातील अर्थ या वंशावळीतून समजतो. मूळ चमूशी मतभेद झाले तरी वापरकर्त्यांना कोड घेऊन वेगळी वाट धरता येते. ओपनप्रोजेक्टची सामुदायिक आवृत्ती विनाशुल्क आहे, काही सुविधा मात्र सशुल्क आवृत्तीतच मिळतात.

एकट्या माणसासाठी कॅनबोर्ड अधिक सोयीचे आहे. पीएचपी भाषेतील हे साधे फलक-सॉफ्टवेअर स्वस्त सामायिक होस्टिंगवरही चालते. त्याच्या कर्त्याने ते आता केवळ देखभालीच्या अवस्थेत असल्याचे, म्हणजे मोठ्या नव्या सुविधा येणार नसल्याचे जाहीर केले आहे. साधन पुरे झाले असेल तर याला दोष म्हणता येणार नाही. वीकॅन हे ट्रेलोसारखे दिसणारे सॉफ्टवेअर आहे. व्हिकुन्या कामांच्या याद्यांसाठी, तर किमाई केवळ तासांची नोंद आणि देयके यांसाठी वापरतात. सर्व्हर नकोच असेल त्यांना सुपर प्रॉडक्टिव्हिटी किंवा गँटप्रोजेक्ट थेट संगणकावर चालवता येते.

थकीत देयके आणि नोंदींचे मोल

या नोंदींचे खरे मोल पैसे थकल्यावर कळते. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ च्या कलम १५ नुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून सेवा घेणाऱ्याने ठरलेल्या तारखेपर्यंत रक्कम द्यावी लागते, आणि ही मुदत स्वीकृतीच्या दिवसापासून ४५ दिवसांहून अधिक असू शकत नाही. विलंब झाल्यास कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज देय होते. एकट्याने चालवलेला सेवा व्यवसायही उद्यम नोंदणी करू शकतो. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी विनाशुल्क आहे आणि काम घेण्यापूर्वीच ती करून ठेवणे हिताचे असते. वाद कलम १८ खाली सुकरता परिषदेकडे नेता येतो.

यात कळीचा मुद्दा 'स्वीकृतीचा दिवस' हा आहे. सेवा ज्या दिवशी दिली तो दिवस यासाठी धरला जातो. ग्राहकाने पंधरा दिवसांच्या आत लेखी हरकत घेतल्यास ती हरकत दूर झाल्याचा दिवस धरतात. काम कधी सोपवले आणि दुरुस्त्या कधी मागितल्या गेल्या, याची तारीखवार नोंद ज्याच्याकडे नाही त्याला व्याज कोणत्या दिवसापासून मागायचे हेच सांगता येत नाही. 'झाले' रकान्यात सरकवलेल्या चिठ्ठीवर तारीख आपोआप पडते. अर्थात अशी नोंद एकतर्फी असते. सर्व्हरचा मालक ती बदलूही शकतो. म्हणून काम सोपवताना ग्राहकाला ईमेल पाठवणे आणि त्याच्या उत्तराची प्रत त्या कामाला जोडून ठेवणे आवश्यक ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक अभिलेख सादर करताना प्रमाणपत्र द्यावे लागते. नोंदी स्वतःच्या यंत्रणेवर असल्यास त्यासाठी परदेशी कंपनीच्या दारी जाण्याची वेळ येत नाही.

मर्यादा

सॉफ्टवेअर विनामूल्य असले तरी ते चालवणे विनामूल्य नसते. सर्व्हरचे भाडे, अद्ययावत आवृत्त्या बसवणे आणि सुरक्षाविषयक दुरुस्त्या यांत जो वेळ जातो तो कोणत्याही देयकात धरता येत नाही. बॅकअपची जबाबदारीही वापरकर्त्यावरच येते. पावसाळ्यात पाणी शिरणाऱ्या तळमजल्यावरील गाळ्यात संगणक आणि त्याच टेबलाच्या खणात बॅकअपची डिस्क, अशी व्यवस्था बॅकअप नसल्यासारखीच. निदान एक प्रत दुसऱ्या पत्त्यावर हवी, आणि ती उघडून पाहिलेली हवी.

प्रकल्प थांबण्याचा धोका मुक्त सॉफ्टवेअरलाही असतो. मॅटरमोस्ट कंपनीने फोकलबोर्ड या फलक-सॉफ्टवेअरच्या स्वतंत्र आवृत्तीची देखभाल सोडून दिली. वंडरलिस्टपेक्षा त्याची गत निराळी एवढ्यासाठी की बसवलेली आवृत्ती चालू राहिली आणि विदा बाहेर काढण्यास कोणी मुदत घातली नाही. ग्राहक स्वतःच्या यंत्रणेत काम करण्याचा आग्रह धरतो तेव्हा मात्र निवडीला वाव राहत नाही. अशा वेळी तास आणि सोपवणीच्या तारखा तरी आपल्याकडे वेगळ्या लिहून ठेवाव्या लागतात.

मराठीत देयक काढायचे झाल्यास आणखी एक अडचण येते. सर्व्हरवर देवनागरी टंक नसेल तर पीडीएफमध्ये अक्षरांऐवजी चौकोन उमटतात, आणि जोडाक्षरे नीट न जुळणे हाही नेहमीचा अनुभव आहे. त्यासाठी मुक्त परवान्याचे टंक उपलब्ध आहेत. मुंबईतील 'एक टाइप' या अक्षरकारांच्या समूहाचे मुक्ता व बलू आणि आयआयटी मुंबईचा शोभिका हे त्यांतील काही. ते सर्व्हरवर बसवून देयकाच्या साच्यात त्यांचे नाव दिले की ग्राहकाचे नाव आणि कामाचा तपशील मराठीत नीट छापला जातो.