सोळा तारा आणि एक जोडी

जव्हार तालुक्यांतील दाभोसा हें गांव लेंडी नदीच्या धबधब्यासाठीं प्रसिद्ध आहे. पावसाळ्यांत येणारा प्रवासी पाणी पाहून परततो. परंतु भातकापणीच्या दिवसांत जो या भागांत थांबेल, त्याला वारली लोकांचा तारपानाच पाहावयास मिळेल. मध्यें तारपा वाजविणारा, आणि त्याच्याभोंवतीं एकमेकांच्या कमरेस हात घालून फिरणारी नाचणाऱ्यांची साखळी. तारप्याचा सूर बदलला कीं सर्वांचीं पावलें एकदम बदलतात. लय संथ आहे तोंवर साखळी सहज फिरते. लय वाढली कीं टोंकाच्या माणसास धांवावें लागतें, आणि एकाचें पाऊल चुकलें तर सारी साखळी अडखळते. संगणकाच्या पोटांत एके काळीं नेमकी हीच अडचण उभी राहिली होती. तिच्यावर जो तोडगा निघाला, त्याचा धागा थेट या डोंगराळ भागांतील जमिनीच्या हक्कापर्यंत पोंचतो.

संगणकांतील लिखाण, हिशेब, छायाचित्रें हीं सर्व हार्ड डिस्क नांवाच्या पेटींत, चुंबकीय तबकड्यांवर, सांठविलेलीं असतात. ही पेटी यंत्राच्या मुख्य पाटीस, म्हणजे मदरबोर्डास, केबलनें जोडावी लागते. 1986 च्या सुमारास वेस्टर्न डिजिटल, कॉम्पॅक इत्यादि अमेरिकन कंपन्यांनीं या जोडणीची जी पद्धत पाडली, ती बाजारांत ‘आयडीई’ या नांवानें रूढ झाली. पुढें तिलाच ‘पॅटा’ म्हणूं लागले. तिची केबल म्हणजे 40 तारांची रुंद, चपटी पट्टी. त्यांपैकीं 16 तारांवरून माहितीचे 16 कण, म्हणजे बिट, एकाच क्षणीं शेजारीं शेजारीं धांवत, आणि एका निराळ्या तारेवरून ‘आतां वाचा’ असा इशारा येई. हा इशारा म्हणजेच तारपा.

सोळा जण एकदम ओझें वाहत असतील तर काम एकट्याहून लवकर होणार, असें कोणासही वाटेल. आणि वेग बेताचा होता तोंवर तें खरेंही होतें. परंतु सोळाही बिट अगदीं एकाच क्षणीं पोंचतात असें नाहीं. वेग वाढला कीं मागें राहिलेला बिट पुढच्या इशाऱ्यांत सांपडूं लागतो. शिवाय एका तारेंतील हालचालीचा पडसाद शेजारच्या तारेंत उमटतो. त्यावर उपाय म्हणून पुढें मधून मधून आणखी 40 तारा केवळ आडोशासाठीं घातल्या, आणि केबल 80 तारांची झाली. तिची लांबी 18 इंचांपलीकडे नेऊं नये असा दंडक होता. इतकें करूनही ही पद्धत सेकंदास 133 मेगाबाइटवर येऊन थांबली. तेव्हांही प्रत्येक तार सेकंदास जेमतेम 6.6 कोटी बिट वाहून नेत होती. अडचण तारांच्या शक्तीची नव्हती; सोळा जणांचीं पावलें जुळविण्याची होती.

मग साखळीच मोडण्यांत आली. ‘साटा’ या नव्या पद्धतींत बिट एकामागून एक जातात. केबलमध्यें अवघ्या 7 तारा: एक जोडी जाण्यासाठीं, एक येण्यासाठीं, आणि तीन आडोशाच्या. जोडीच्या दोन्ही तारांवर एकच संदेश परस्परविरुद्ध रूपांत जातो. बाहेरचा उपद्रव दोहोंवर सारखाच होतो, म्हणून त्यांतील फरक शाबूत राहतो, आणि वाचणारा तो फरकच वाचतो. इशाऱ्याची निराळी तारही येथें नाहीं. प्रत्येक 8 बिटांचे 10 बिट करून ते अशा रीतीनें पाठवितात, कीं त्यांच्या चढउतारांतच ताल सांपडावा. जणू नाचणाऱ्यानें तारप्याची वाट न पाहतां स्वतःच्या पायांतील घुंगरांवर चालावें. 2003 सालीं अशा डिस्का बाजारांत आल्या तेव्हां एकच जोडी सेकंदास 150 कोटी बिट, म्हणजे 150 मेगाबाइट, वाहूं लागली होती. पुढें हा आंकडा दुप्पट, आणि मग चौपट झाला.

नव्याचा हा लाभ निर्विवाद आहे. पण त्याची एक किंमतही आहे. 2006 पासून इंटेलनें आपल्या नव्या चिपसंचांतून जुन्या पद्धतीची सोय काढून टाकली, आणि कांहीं वर्षांत मदरबोर्डावरील ती 40 टोंचांची जागाच नाहींशी झाली. जुनी डिस्क शाबूत, तिच्यांतील अक्षर न् अक्षर शाबूत. पण ती लावावी कोठें? मोडी लिपीच्या दप्तरांची गत अशीच झाली. कागद टिकले, शाई टिकली, वाचणारे उरले नाहींत. 2023 सालीं कुणबी नोंदींच्या शोधासाठीं महाराष्ट्रांत जुनीं दप्तरें उघडलीं, तेव्हां मोडी जाणणारांची शोधाशोध करावी लागली.

जव्हारकडे हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणें आदिवासी कुटुंबाची वनजमीन 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून कसणुकींत असली पाहिजे. शासकीय नोंदी, जमिनीवरील खुणा, वृद्धांचीं लेखी निवेदनें, असे पुराव्याचे अनेक प्रकार मान्य आहेत. परंतु त्या काळचीं छायाचित्रें, याद्या वा नकाशे कोणा संस्थेच्या, शाळेच्या अगर कार्यकर्त्याच्या संगणकांत असतील, तर ते बहुधा रुंद पट्टीच्या डिस्कवरच असणार. कारण तो काळच तिचा होता. असा संगणक भंगारांत देणें म्हणजे न वाचलेलें दप्तर चुलींत घालणें होय.

उपाय अद्याप हाताशीं आहे. जुन्या डिस्कला यूएसबीशीं जोडणारे अडॅप्टर मिळतात. मोठ्या डिस्कला वीज निराळी द्यावी लागते, आणि तिच्या पाठीवरील छोटी जंपर-टोपी ‘मास्टर’ या जागीं असावी लागते. डिस्कवर नवीन कांहीं लिहूं नये. आधीं सर्व मजकुराची नक्कल दोन निरनिराळ्या ठिकाणीं करावी, आणि मूळ डिस्कही जपून ठेवावी. टकटक आवाज येऊं लागल्यास ती तत्काळ बंद करून जाणकाराकडे न्यावी.

साटाचीही पाळी येतच आहे. 2011 सालीं ‘एनव्हीएमई’ ही त्याहून वेगवान पद्धत जाहीर झाली, आणि नव्या लॅपटॉपांत ती सर्रास दिसते. जोडण्या बदलत राहणारच. म्हणून जुनी आणि नवी अशा दोन्ही वाटा उघड्या आहेत, तोंवरच जपण्याजोगा मजकूर जुनींतून नवींत आणला पाहिजे.