अजरखचा रंग आणि धंद्याचे इमान

हाताने कापड विणणाऱ्या, रंगवणाऱ्या आणि छापणाऱ्या आपल्या कारागीर बांधवांची आज एकच तक्रार आहे. यंत्रावरचा माल कितीतरी कमी भावात मिळतो, मग आमचा माल घेणार कोण? या प्रश्नाचे उत्तर गुजरातमधील कच्छच्या खत्री कारागिरांनी आपल्या व्यवहारातून दिले आहे. त्यांचा अजरख छपाईचा धंदा दोन वेळा बुडण्याच्या बेतात आला होता. एकदा स्वस्त कापडामुळे आणि एकदा भूकंपामुळे. दोन्ही वेळा तो सावरला. कसा सावरला, हे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेण्यासारखे आहे.

सिंधहून आलेला हुन्नर

अरबीत 'अझरक' म्हणजे निळा. त्यावरूनच अजरख हे नाव पडले, असे मानले जाते. गडद निळ्या आणि लाल जमिनीवर पांढऱ्या-काळ्या रेघांची भौमितिक नक्षी, ही या कापडाची ओळख. खत्री घराण्यांच्या सांगण्याप्रमाणे त्यांचे पूर्वज राव भारमलजी यांच्या काळात सिंधहून कच्छला आले. कापड धुण्यासाठी वाहते पाणी लागते, म्हणून त्यांनी सारण नदीकाठी धमडका येथे वस्ती केली. गुरे पाळणारे मालधारी हे त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे गिऱ्हाईक. लुंगी, पागोटे, खांद्यावरचे वस्त्र असा अजरखचा रोजचा वापर होता.

मेहनत किती?

खरे अजरख चौदा ते सोळा टप्प्यांतून जाते. आधी कापडाला एरंडेल, सोडा आणि उंटाची लीद यांत मुरवून धुतात. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवतात. चुना व डिंक यांच्या मिश्रणाने लाकडी ठशाने पांढऱ्या रेघा राखून ठेवतात. काळ्या रंगासाठी लोखंडाचे भंगार गुळाच्या पाण्यात कित्येक दिवस आंबवतात आणि त्यात चिंचोक्याचे पीठ घालून दाटपणा आणतात. जेथे लाल हवा तेथे तुरटीचा ठसा मारतात. जो भाग निळा व्हायला नको तो मातीच्या लेपाने झाकतात आणि कापड निळीच्या हौदात बुडवतात. शेवटी मंजिष्ठेसारख्या रंगात उकळले की तुरटीच्या जागी लाल रंग उठतो. उत्तम प्रतीच्या मालात दोन्ही बाजूंनी नक्षी जुळवून छापतात. या सगळ्यास दोन-तीन आठवडे सहज जातात. घाई केली की रंग फसतो.

स्वस्ताईची लाट

विसाव्या शतकाच्या मध्यास रासायनिक रंग आले आणि बहुतेक कारागिरांनी नैसर्गिक रंग सोडून दिले. पुढे गिरणीचे छापील कृत्रिम कापड खेड्यापाड्यांत पोचले. ते स्वस्त, टिकाऊ आणि धुण्यास सोपे. मालधारी गिऱ्हाईकही तिकडे वळले. अशा वेळी भाव पाडून स्पर्धा करणे हा सोपा रस्ता होता. धमडक्याच्या मुहम्मद सिद्दीक खत्री यांनी तो धरला नाही. १९७० च्या दशकात त्यांनी जुन्या नैसर्गिक रंगांकडे परत वळून ती रीत आपल्या मुलांना शिकवली. त्याच सुमारास गुजरात सरकारच्या हस्तकला महामंडळाच्या 'गुर्जरी' दुकानांतून या मालाला शहरी गिऱ्हाईक मिळाले. गाव घेत नव्हते ते कापड शहराने घेतले, कारण तसे दुसरीकडे कोठे मिळत नव्हते. सिद्दीकभाईंचे चिरंजीव इस्माईल खत्री यांना इंग्लंडमधील लेस्टरच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. रंगाऱ्याच्या हुन्नराला विद्यापीठाने इल्म म्हणून मान दिला, ही आपल्या कारागीर समाजासाठी लहान गोष्ट नव्हे.

भूकंप आणि पाणी

२६ जानेवारी २००१ च्या भूकंपात धमडका जमीनदोस्त झाले. माणसे गेली, घरे गेली, ठसे आणि हौद ढिगाऱ्याखाली गेले. त्यातच भूगर्भातील पाणी बदलले आणि त्यात लोहाचे प्रमाण वाढले. लोहामुळे लाल रंग काळवंडतो. म्हणजे घर पुन्हा बांधता आले असते, पण धंदा तेथे नीट चालला नसता. तेव्हा इस्माईल खत्री व अन्य मंडळींच्या पुढाकाराने भुजजवळ जमीन घेऊन 'अजरखपूर' नावाचे नवे गाव वसवण्यात आले. काही घरे धमडक्यातच राहिली आणि तेथेही काम चालू ठेवले. एकट्या-दुकट्याने हे झाले नसते. एकाच धंद्यातील लोक गिऱ्हाईकासाठी एकमेकांशी स्पर्धा करतात, पण पाणी आणि जमीन यांसाठी त्यांना एकत्र यावेच लागते.

आता नकलेचे संकट

आजचे संकट वेगळे आहे. अजरखची नक्षी यंत्रावर छापून 'अजरख' म्हणूनच विकली जाते. 'कच्छ अजरख'ला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु हे मानांकन नावाचे रक्षण करते, नक्षीचे नव्हे. शिवाय कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी केली तरच त्याचा पुरता लाभ मिळतो. गिऱ्हाइकाने ओळखायचे कसे? खऱ्या अजरखचे कापड निळीत आणि लाल रंगात बुडवलेले असते, म्हणून जमिनीचा रंग उलट बाजूसही उतरलेला असतो. यंत्राच्या छपाईत उलट बाजू बहुधा फिकी राहते. हाताच्या ठशाचे सांधेही बारकाईने पाहिल्यास दिसतात. तो दोष नसून ती हाताची सही आहे.

आपण काय घ्यावे?

महाराष्ट्रातही पैठणी आणि सोलापुरी चादर यांना भौगोलिक मानांकन आहे. औरंगाबादी हिमरू आणि मशरू ही तर आपल्याच विणकरांच्या हातची कला. 'मशरू' या शब्दाचा अर्थच शरीअतनुसार जायज असा आहे. पुरुषाच्या अंगाला रेशीम लागू नये म्हणून आत सुती आणि वर रेशमी असे ते विणले जाई. अशा मालाच्या नावावर यंत्राचा माल खपवला, तर आज चार पैसे सुटतील, पण उद्या खऱ्या मालावरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावर हजारो घरांची रोजी चालते. यंत्रमागाचा माल विकण्यात कमीपणा नाही. मात्र तो यंत्रमागाचाच म्हणून विकावा. मालातील खोट गिऱ्हाइकास आधी सांगावी, ही तर इस्लामी व्यापाराची पहिली शिकवण. हातमागाचा माल विकणाऱ्याने चिठ्ठीवर कापडाचा प्रकार, रंग आणि गाव स्पष्ट लिहावे. कारागिराने आपली नोंदणी करून घ्यावी, मजुरीचा हिशेब ठेवावा आणि पोराला ठशाबरोबर हिशेबवहीही शिकवावी.

हजरत दाऊद (अ.) हे पैगंबर असूनही आपल्या हातच्या कमाईवर जगत. हाताच्या कमाईचा हा मान राखायचा, तर कारागिराने कामात कसर ठेवू नये आणि व्यापाऱ्याने नावात. कच्छच्या खत्रींनी रंगात लबाडी केली नाही, म्हणून त्यांचे गिऱ्हाईक टिकले. बरकत तेथेच असते.