नकाशा मिलिमीटरचा, मिस्त्री फुटाचा

नागपुरात बेसा-मनीषनगरच्या बाजूला घर बांधायला काढलं की नकाशा मिलिमीटरमध्ये हातात पडतो, मंजुरीच्या कागदावर चौरस मीटर असतात, आणि मिस्त्री बोलतो फूट, इंच, सूत. मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा, 1962 पासून ती सक्तीची. तरी रेती आजही ब्रासनेच येते. 2023 च्या वाळू धोरणात सरकारनेसुद्धा दर ब्रासचाच ठरवला, 600 रुपये. तेव्हा मिस्त्रीला दोष देण्यात अर्थ नाही. एका मापातून दुसऱ्यात जाताना फरक कुठे पडतो, ते मात्र घरमालकाला माहीत हवं.

सगळ्यात जपायची जागा म्हणजे आखणी. इंच 25.4 मिलिमीटरचा, पण तोंडी हिशेबाला सोपं म्हणून 25 धरला जातो आणि फूट 300 चा होतो. नऊ इंची भिंतीत यामुळे साडेतीन मिलिमीटरचा फरक पडतो, तो प्लास्टरमध्ये जिरतो. चाळीस फुटांच्या लांबीत मात्र तोच फरक 192 मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंच होतो. कॉलम तेवढा सरकला तर वरचा बीम कुठे टेकायचा? म्हणून आखणीपुरता फूट बाजूला ठेवावा. टेपवर दोन्ही मापं असतात. मिस्त्रीला मिलिमीटरची बाजू वाचायला सांगावी. प्रत्येक कॉलम एकाच कोपऱ्यापासून मोजावा, शेजारच्या कॉलमपासून नाही, नाहीतर दर टप्प्याची चूक पुढच्यात मिळत जाते. शेवटी दोन्ही कर्ण मोजून गुण्या तपासावा.

सळईचं गणित वेगळं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून चार सूत 12.7 मिलिमीटर भरतात. दुकानात मिळते ती 12 ची. व्यासाच्या वर्गाला 162 ने भागलं की एका मीटरचं वजन किलोत निघतं: 12 मिलिमीटरला 0.89 किलो, चार सुताला जवळपास एक किलो. सुतावर अंदाज बांधला तर वजन आठवा हिस्सा जास्त धरलं जातं. काटापावती ताडून बघताना मिलिमीटरच धरा.

ब्रास म्हणजे 100 घनफूट, 2.83 घनमीटर. ट्रॉली आतून मीटरमध्ये मोजा, लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार करा, 2.83 ने भागा. तीन मीटर लांब, 1.8 रुंद आणि अर्धा मीटर भरलेली ट्रॉली 0.95 ब्रासची होते. तिला पूर्ण ब्रासचे पैसे देऊ नयेत.

टाइल्सचंही तसंच. ‘दोन बाय दोन’ची टाइल खरी 600 मिलिमीटरची असते. चारची पेटी 16 नव्हे, साडेपंधरा चौरस फूट भरते. पाचशे चौरस फुटांना 32 पेट्या पुरत नाहीत, 33 लागतात. तुटफूट आणि कापणीचं त्यावर वेगळं धरा.