विश्लेषण : मोटार नसलेल्यांची बाजू घेणारा नियोजन संचालक; क्लीव्हलँडमध्ये काय घडले?

शहराच्या नियोजन अधिकाऱ्याने वरून आलेल्या प्रकल्पाचा नकाशा काढून द्यावा, की त्याचा फायदा कोणाला आणि खर्च कोणाच्या खिशातून, असे विचारावे? अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात नॉर्मन क्रुमहोल्झ दहा वर्षे हेच विचारत राहिले.

कोण होते क्रुमहोल्झ?

पिट्सबर्गच्या नियोजन विभागातून ते १९६९ मध्ये क्लीव्हलँडला आले. कार्ल स्टोक्स, राल्फ पर्क आणि डेनिस कुसिनिच या तीन अगदी वेगळ्या महापौरांच्या काळात ते संचालकपदी टिकले. शहर मात्र रिकामे होत होते. १९५० मध्ये नऊ लाखांवर असलेली लोकसंख्या १९८० पर्यंत पावणेसहा लाखांवर आली.

वेगळे काय केले?

त्यांच्या विभागाचा १९७५ चा अहवाल आपल्याकडच्या ‘डीपी’सारखा रंगीत नकाशा नव्हता. ज्यांच्यापुढे पर्याय कमी, त्यांना ते वाढवून देणे, हे त्यात महापालिकेचे उद्दिष्ट ठरवले होते. ऐकायला हे भाबडे वाटते. पण बससेवेच्या वाटाघाटीत ते नेमके उपयोगी पडले. शहरातील सुमारे एक तृतीयांश कुटुंबांकडे मोटार नव्हती. त्यामुळे शहराची बससेवा नव्या प्रादेशिक प्राधिकरणाकडे सोपवताना रेल्वेमार्ग वाढवण्यापेक्षा भाडे कमी ठेवण्यावर त्यांनी जोर दिला. तिकीट २५ सेंटवर आले. वृद्ध व अपंगांसाठी सवलती आणि फोन केल्यावर दारी येणारी गाडी मिळाली.

सगळेच जमले का?

नाही. ‘टॉवर सिटी’ या मोठ्या व्यापारी प्रकल्पाला करसवलत कशासाठी, रोजगाराची हमी कुठे, असे विचारत त्यांनी विरोध केला. नगर परिषदेने तो डावलून मंजुरी दिली, उलट त्यांच्याच राजीनाम्याची मागणी झाली.

वर्गात काय शिकवले?

१९७९ मध्ये पद सोडून ते क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठात प्राध्यापक झाले. जॉन फॉरेस्टर यांच्यासह १९९० मध्ये लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी जिंकलेल्यांबरोबर हरलेल्या लढायाही मांडल्या. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या विभागाने लावून धरलेला एक बदल फारसा गाजला नाही. कर थकवून मालकांनी सोडून दिलेल्या जमिनी ताब्यात घ्यायला शहराला वर्षानुवर्षे लागत. ओहायो राज्याने १९७६ मध्ये कायदा बदलून ही प्रक्रिया आखूड केली आणि क्लीव्हलँडची ‘लँड बँक’ उभी राहिली.